आधी कापड, मग भिंत

पत्र

ताई, आमचं घर शुक्रवार पेठेत आहे, माळवदाचं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. मार्गशीर्षात मुलीचा साखरपुडा घरातच करायचा ठरलाय. त्याआधी बैठकीची खोली नीट करून घ्यायची आहे. खोली 18 बाय 11 फूट. खाली शहाबादी, वर कडीपाट, लाकूड काळंभोर झालेलं. पश्चिमेला रस्त्याच्या बाजूला 4 फूट रुंदीच्या दोन खिडक्या आणि पूर्वेला चौकात उघडणारं दार. दक्षिणेच्या टोकाला झोपाळा. मामंजींनी करून घेतलेला पाच जणांचा कोरीव सागवानी सोफा आहे, त्यावरचं रेक्झिन फाटलंय. भिंतींना पोपडे आलेत.

मुलगी पुण्याहून रोज फोटो पाठवते. एक दिवस मरून मखमलीचे जमिनीवर लोळणारे पडदे आणि सोनेरी भिंत, दुसऱ्या दिवशी सगळंच ग्रे. सासूबाई 84 वर्षांच्या, त्या म्हणतात, आपल्या हिरव्या रंगाला काय धाड भरलीय? रंगारी रोज फोन करून शेड विचारतोय. हाताशी 50 हजार रुपये आहेत. मामंजींचा मोठा फोटो कुठं लावायचा, यावरही घरात दोन मतं पडलीत. सुरुवात कुठून करू?

(एक वाचक, सोलापूर)

उत्तर

ताई, पहिलं काम म्हणजे रंगाऱ्याला फोन करून सांगा, ‘दिवाळी उलटेपर्यंत थांबा.’ तो कुरकुरेल, पण थांबवाच.

आपल्याकडे घर नीट करायचं म्हटलं की आधी भिंती रंगवायच्या आणि मग त्या भिंतीला शोभेल असं कापड शोधत फिरायचं, अशी रीतच पडून गेली आहे. मीही हेच केलं होतं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कार्ड धरून फिकट पिस्ता रंग निवडला आणि चार दिवसांत खोली रंगवून मोकळी झाले. मग सोफ्याच्या कापडासाठी महिनाभर हिंडले. मला आवडलेलं प्रत्येक कापड त्या पिस्त्याशेजारी मळकट दिसायचं. शेवटी ‘चालेल’ असं एक घेतलं आणि ते पुढं आठ वर्षं चालवलं. तेव्हा जे उमगलं ते इतकंच, की भिंतीचा रंग हव्या त्या छटेत मिसळून मिळतो, थोडा गडद, थोडा फिका, पिवळ्याकडे झुकणारा, कसाही. कापड मात्र दुकानात जे आहे तेच घ्यावं लागतं. म्हणून सोफ्याचं कापड आधी ठरवायचं, मग पडद्याचं, आणि त्या दोघांचे तुकडे हातात घेऊन भिंतीचा रंग. काम करताना क्रम उलटा येतो, भिंती आधी रंगतात आणि पडदे शेवटी लागतात. निवड मात्र याच क्रमानं करा.

त्याही आधी, जे बदलणार नाही ते नीट पाहून घ्या. तुमच्या खोलीत अशा तीन गोष्टी आहेत: शहाबादी फरशी, काळपट लाकूड आणि पश्चिमेचं ऊन. फोनवरच्या फोटोंमधल्या खोल्यांत यातलं काहीच नसतं. तिथं उंच छत असतं, पांढरी चकचकीत जमीन असते आणि ऊन कुठल्या देशाचं असतं ते कोण जाणे. मखमलीचे मरून पडदे त्या खोलीत शोभतही असतील. तुमच्या 11 फूट रुंदीच्या खोलीत, काळ्या कडीपाटाखाली, तेच पडदे लावले तर भरदुपारी दिवा लावावा लागेल.

लेकीला ग्रे हवाय ना? तो तिच्या पायाखालीच आहे. एका सकाळी फरशी स्वच्छ पुसून घ्या आणि ओली असतानाच तिचा फोटो काढून लेकीला पाठवा. इतका खोल, निळसर राखाडी रंग कुठल्याच कार्डावर सापडत नाही. तो 18 बाय 11 फूट पसरलेला आहे, आणखी भिंतीवर कशाला चढवायचा? राखाडी फरशीवर राखाडी भिंत आली की खोली पावसाळी आभाळासारखी होते. सासूबाईंच्या वयाच्या माणसाला तर ती फारच उदास वाटेल.

मला अशा खोलीची रंगसंगती लुगड्यासारखी दिसते. लुगड्याला अंग असतं, काठ असतात आणि पदर असतो. अंग शांत, काठ ठसठशीत, आणि पदरावर काय खुलायचं ते खुलतं. तुमच्या खोलीत भिंती आणि पडदे हे अंग, सोफा हा काठ, आणि उशा, लोड, अंथरलेली चादर हा पदर. मखमल आणि सोनेरी भिंत एकत्र आणली की सगळं लुगडं पदरच होऊन बसतं.

आता काठापासून सुरू करू. सोफ्याला मी विटकरी रंग सुचवते. राखाडी फरशी आणि काळं सागवान यांच्यामध्ये थोडी ऊब हवी, ती विटकरीनं येते. शिवाय रस्त्याची धूळ त्यावर लगेच दिसत नाही. कोरा किंवा सायीचा रंग सोफ्याला सुंदर दिसतो, पण साखरपुड्याच्या दिवशी चहाचा पहिला कप सांडेपर्यंतच. डाळिंबी मलाही आवडतो, पण पाच बैठकांवर तो पसरला की जड होतो. त्याला आपण पदरात जागा देऊ.

कापड जाड सुती घ्या, विणीत थोडा दाणा असलेलं. रेक्झिन पुन्हा घालू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की रेक्झिनवर पाठ चिकटते, हे तुम्ही इतकी वर्षं सोसलंच आहे. चाटी गल्लीत किंवा जिथं घ्याल तिथं ताग्यातून अर्धा मीटर तुकडा विकत मागा. दुकानदार नमुन्याची चिंधी देतो, ती पुरत नाही. तुकडा घरी आणून चार दिवस सोफ्यावर टाकून ठेवा आणि सकाळी, दुपारी, दिव्याखाली बघा. मग एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यानं दाबून चोळा. फडक्याला रंग लागला तर ते कापड नको, कारण उन्हाळ्यातल्या घामानं तोच रंग पाहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला लागेल. सुती म्हणून दिलेलं खरंच सुती आहे का, याची शंका आली तर चार धागे उपसून मोरीत जाळून पाहा. सूत कागदासारखं जळतं आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याची कडक गोळी उरते.

हिशोब असा. तुमच्या सोफ्याची एक बैठक साधारण 22 बाय 22 इंच आणि जाडी 4 इंच धरली, तर 54 इंच पन्ह्याच्या कापडात वरचा-खालचा तुकडा शेजारीशेजारी बसतो आणि बाजूच्या पट्ट्या धरून जवळपास 36 इंच लांबी लागते. म्हणजे पाच बैठकांना साडेचार मीटरच्या आसपास, आणि पाठीच्या गाद्या तेवढ्याच असतील तर तेवढंच पुन्हा. दहा मीटर घ्या. रेघा किंवा नक्षी जुळवायची असेल तर आणखी एक मीटर. कापणीआधी सगळं कापड पाण्यात भिजवून वाळवून घ्या, कारण सूत आटतं. शिवणाऱ्याला खोळी चेनच्या शिवायला सांगा, खिळे मारून ताणलेलं कव्हर नको. चेन असली की खोळ काढून धुता येते. आपल्याकडच्या धुळीत ती वर्षातून दोनदा तरी निघायलाच हवी.

कापडावर पैसे वाचवायचे असतील तर वाचवा, फोमवर वाचवू नका. बैठकीला 40 डेन्सिटीचा फोम घ्या. स्वस्तातला फोम वर्षभरात खड्डा धरतो, आणि 84 वर्षांच्या माणसाला खड्ड्यातून उठणं फार जड जातं. फोम बसवल्यावर जमिनीपासून बैठकीची उंची 17-18 इंच येते का ते मोजा. सासूबाईंना हाताला धरून बसवा, उठवा आणि मगच शिवणाऱ्याला होकार द्या. गुडघे दुमडून पाय फरशीला टेकले पाहिजेत. सोफ्याची ही एक परीक्षा बाकी सगळ्या रंगसंगतीपेक्षा मोठी आहे, असं मला मनापासून वाटतं.

सागवानाला नवीन पॉलिश चढवायची घाई नको. आधी मऊ ब्रशनं कोरीव कामातली धूळ काढा. मग अळशीचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं करून जुन्या सुती फडक्यानं अगदी पातळ हात फिरवा आणि अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. वेलबुट्टी पुन्हा उठून दिसेल. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ती बाहेर मोकळ्या हवेत एकेक पसरून पूर्ण वाळवा, मग टाका. खांबांवर आणि तुळयांवर कुणी ऑइलपेंट मारायचं सुचवलं तर ठाम नाही म्हणा.

पडद्यांकडे येते, कारण तुमच्या घरातलं खरं भांडण पडद्यांवरूनच आहे.

मखमलीला मी नाही म्हणते आहे, ते फक्त दिसण्यामुळे नाही. मखमलीला लव असते आणि लवेत धूळ बसते. तुमच्या खिडक्या पेठेतल्या रस्त्याला लागून आहेत. दिवसभर रिक्षा, मोटारसायकली. ते पडदे महिन्याभरात झटकावे लागतील आणि घरी धुता येणार नाहीत. शिवाय मरून रंगावर रोज संध्याकाळी पश्चिमेचं ऊन पडलं की एक-दोन उन्हाळ्यांत घडीच्या कडा विटतात. पडदा सरळ केला की मग फिके पट्टे दिसतात. आणि पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. जो पडदा दोन बादल्यांत निघतो तोच आपल्या गावाचा पडदा.

म्हणून कोऱ्या रंगाचं सुती कापड घ्या, मांजरपाटापेक्षा थोडं भरीव, आणि त्याच्या खालच्या कडेला सोफ्याच्या विटकरी कापडाचा चार बोटं रुंद काठ लावा. सोफ्याच्या कापडातून उरलेल्या पट्ट्या त्यालाच वापरता येतील. आतून पांढरं अस्तर हवंच. अस्तरानं उन्हाची धग कमी होते, मूळ कापड विटत नाही आणि पडदा अंगाला भरतो.

खिडकी 4 फूट रुंद. दांडी दोन्ही बाजूंना 9-9 इंच जास्त घ्या, म्हणजे पडदा बाजूला सारला की पूर्ण खिडकी मोकळी होते. माळवदाच्या जाड भिंतीतल्या खिडकीत बसायला जागा असते, ती पडद्याखाली झाकू नका. लेकीच्या बालपणीचे अर्धे दिवस त्याच खिडकीत गेले असतील. दांडी झाली 66 इंचांची. चुण्या चांगल्या पडायला कापड दांडीच्या दुप्पट लागतं, म्हणजे 132 इंच. 48 इंच पन्ह्याचे 3 पाट घ्यावे लागतील. उंची दांडीपासून फरशीपर्यंत 90 इंच धरली, तर वरच्या-खालच्या दुमडीला 10 आणि आटण्याला 5 धरून एक पाट 105 इंच. तीन पाट 315 इंच, म्हणजे एका खिडकीला 8 मीटर आणि दोन्हींना 16. तेवढंच अस्तर. पडदा फरशीपासून दोन बोटं वर ठेवा. लोळणारा पडदा फोटोत छान दिसतो, पण रोज पुसल्या जाणाऱ्या फरशीवर आठ दिवसांत त्याची कड काळी पडते.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण पेठेतली घरं पाहिलेली असल्यानं सांगते. रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर थेट आत येत असेल, तर खिडकीच्या गजांना लागून खालच्या अर्ध्या भागाला मलमलीचा अर्धा पडदा पितळी सळईवर लावा. वरून उजेड आणि वारा येत राहतो. मग मोठे पडदे दिवसभर ओढून ठेवावे लागत नाहीत. आणि उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच लाकडी झडपाच लावून घ्या. बाहेरच अडवलेलं ऊन आणि आत आल्यावर पडद्यानं अडवलेलं ऊन यांत फार फरक आहे. एकदा काचेतून किंवा गजांतून धग आत आली की पडदा ती खोलीतच सोडतो. वाळ्याचा पडदा मिळाला तर बाहेरून टांगा आणि दुपारी पाणी शिंपडा. सासूबाईंना त्याचा वास आठवेल.

आता पदर. इथं मी सासूबाईंच्या बाजूनं आहे. तुमच्याकडे दिवाण किंवा भारतीय बैठक असेलच, नसेल तर साखरपुड्यासाठी गाद्या टाकून करालच. त्यावर सोलापुरी चादर टाका, हिरवी. आपल्या गावात 1877 साली जुनी मिल सुरू झाली, तेव्हापासून हे गाव सूत आणि कापडावर जगलं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथं माग बसवले. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आणि आपणच आपल्या बैठकीवर परराज्यातली पॉलिएस्टरची ‘एथनिक’ खोळ घालतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चादर विणताना एकदा जवळून पाहा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणाच्या ओळखीनं आत जाता आलं तर लेकीलाही घेऊन जा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मागाच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. वर जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत होती, एकेक पुठ्ठा पुढं सरकत होता आणि खाली एकेका आडव्या धाग्यानं मोराची मान तयार होत होती. कारागिरानं विणून उतरलेला भाग हातात घेतला आणि नुसता उलटा करून दाखवला. वर हिरव्यावर पांढरा मोर, मागं पांढऱ्यावर हिरवा मोर. नक्षी तीच, रंगांची अदलाबदल. तुम्हाला सणाच्या दिवशी गडद बाजू वर घेता येईल आणि रोजच्याला फिकी. एकाच चादरीत सासूबाईंचा हिरवा आणि लेकीचा फिका, दोन्ही आले.

हिरवी चादर घ्यायची तर गर्द पानाच्या रंगाची घ्या. पोपटी घेऊ नका, विटकरी सोफ्याशेजारी तो डोळ्यांना टोचेल. आणि ही एकच वस्तू नक्षीची असू द्या. चादर बोलायला लागली की सोफा आणि पडदे यांनी गप्प राहायचं.

डाळिंबीला मी पदरात जागा देते म्हटलं होतं ना, ती अशी. सासूबाई इरकल नेसत असतील, किंवा त्यांच्या ट्रंकेत जुनी लुगडी असतील. अंग विरलेलं पण काठ आणि टोपपदर शाबूत असं एखादं नक्की निघेल. इरकलीचा तो लाल-पांढऱ्या रेघांचा पदर उशीच्या अभ्र्यावर इतका देखणा दिसतो की बाजारातली कुठलीही कुशन त्यापुढं फिकी. त्यांना आधी विचारा. ट्रंक त्यांनाच उघडू द्या, लुगडं त्यांनाच निवडू द्या. कात्री लावायची ती फक्त विरलेल्याला, नेसण्याजोग्याला नाही. जुन्या कापडात दम नसतो, म्हणून मागून मांजरपाट जोडून दुहेरी करा आणि टाका मध्यम ठेवा. बारीक टाक्यानं विरलेलं कापड छेदलं जातं. उश्या पाच नकोत, तीन पुरेत. उरलेल्या दोन बैठका मोकळ्या ठेवा, लोकांना बसायचं असतं.

लोडांना कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण चालेल, पण त्याचा पन्हा लहान असतो, तेव्हा लोडाचा घेर आधी मोजून जा.

आता भिंती. पोपडे आलेत म्हणता, तेव्हा रंगाआधी भिंतीचं दुखणं समजून घ्यावं लागेल. पोपडे खालच्या दोन-तीन फुटांत आहेत का? मग जमिनीतली ओल भिंतीत वर चढते आहे. माळवदाच्या घराच्या मातीच्या भिंती ओल ओढतात आणि बाहेर सोडतात, तसा त्यांचा श्वास चालू असतो. त्यावर प्लास्टिक पेंट किंवा सिमेंटचा गिलावा चढवला की श्वास कोंडतो, ओल मागं साठते, खार फुटतो आणि रंग पापडासारखा सुटतो. तुमच्या भिंतीवर आधी कुणीतरी असाच रंग मारलेला असणार. अर्ध्या भिंतीला टाइल्स लावून टाका, असा सल्ला मिळेल. त्यानं ओल जात नाही, ती टाइल्सच्या वरच्या कडेला जाऊन फुटते.

जुना रंग पूर्ण खरवडून काढा. ऑइलपेंट किंवा डिस्टेंपरवर चुना धरत नाही. पडलेल्या जागा चुन्याच्याच गिलाव्यानं बुजवा आणि मग चुन्याचा रंग द्या. चुना चांगला विरवलेला आणि बारीक फडक्यातून गाळलेला हवा. हात देण्याआधी भिंत पाण्यानं ओली करायची आणि जाड एक हात देण्याऐवजी पातळ तीन हात द्यायचे, मध्ये एकेक दिवस सोडून. चुना नुसता वाळत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो. त्याला ती सवड द्यावी लागते. तुमचा रंगारी तरुण असेल आणि चुन्याचं काम त्याच्या हाताला नसेल, तर पेठेतच एखादा जुना माणूस शोधा.

छटा सायीची. चुन्यात थोडी पिवडी मिसळा, अगदी थोडी. पिवडी आणि काव हे मातीचे रंग चुन्यात टिकतात, बाकीचे बरेच उडतात. आणि ओला असताना चुन्याचा रंग गडद दिसतो, वाळल्यावर बराच फिका होतो, तेव्हा बादलीत पाहून घाबरू नका. दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन मारून दोन दिवस वाळू द्या. शेजारी विटकरी तुकडा आणि कोरं कापड धरा. संध्याकाळचं तिरपं ऊन आत आलं की सायीची भिंत आपोआप पिवळी पडते, म्हणून पिवडी कमीच ठेवायची. रात्री दिव्याखालीही बघा. बैठकीत पांढरीफेक ट्यूब असेल तर ती काढून 2700 किंवा 3000 केल्विनचे पिवळसर दिवे लावा. पांढऱ्या ट्यूबखाली विटकरी तपकिरी दिसतो आणि लाकूड मेल्यासारखं. साखरपुड्याचे फोटो त्याच दिव्यात निघणार आहेत.

सोनेरी भिंत सोडून द्या. लेकीला सोनेरी हवंच असेल तर पितळी समई घासून लखलखीत करा आणि पडद्याच्या दांड्या पितळी घ्या.

वेळेचं गणित जुळतंय. आपल्याकडे पाऊस भाद्रपद-आश्विनातच जोर धरतो, तो ओसरेपर्यंत भिंतींना हात लावू नका. पण थांबायचं आहे म्हणून हातावर हात धरून बसू नका. याच दिवसांत कापड आणा, भिजवा, फोम कापून घ्या, ट्रंक उघडा. दिवाळी उलटली की कार्तिकात खरवडणं आणि चुना. मार्गशीर्ष लागायच्या आत पडदे टांगून होतील. पैसेही पुरतील, पण क्रमानं खर्च करा: आधी फोम आणि शिलाई, मग भिंतीची दुरुस्ती, मग कापड, आणि उरलं तर दिवे. कमी पडले तर पडद्याचं अस्तर पुढच्या उन्हाळ्याआधी लावलं तरी चालेल. थंडीत त्याची घाई नसते.

राहिला मामंजींचा फोटो. दोन्ही खिडक्यांच्या मधली जागा रिकामी दिसते, त्यामुळे तिथंच लावायचं तुमच्याकडे कुणीतरी सुचवलं असेल. तिथं नको. दोन्हीकडून उजेड डोळ्यांवर येतो आणि मधला चेहरा काळा दिसतो. उत्तरेच्या भिंतीवर लावा, पण तिच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्याजवळ. हिवाळ्यात मावळतीचं ऊन पश्चिमेच्या खिडक्यांतून ईशान्येकडे तिरपं येतं आणि त्याच भिंतीच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागावर पडतं. कोपऱ्याजवळ ते कधीच पोचत नाही, त्यामुळे फोटो विटणार नाही. झोपाळा दक्षिणेला आहे, म्हणजे सासूबाई बसल्या की फोटो बरोबर समोर येतो. उंची ठरवताना त्यांना झोपाळ्यावर बसवा आणि त्या सांगतील तिथं खिळ्याची खूण करा. मातीच्या भिंतीत नुसता खिळा धरत नाही, आधी लाकडाची खुंटी ठोकून घ्या. आणि फोटोच्या मागचा पुठ्ठा ओलीनं काळा पडला असेल, तो चुना चढायच्या आधीच बदलून ठेवा.